अळीच्या बरणीवर मातीची पाटी

माझ्या प्रबंधाचं शीर्षक एका दमात म्हणता येत नाही. मी म्हणून पाहिलं आहे. 'विज्ञान-संग्रहालयीन संप्रेषणातील भाषिक सुलभीकरण-प्रक्रियेचे ग्राहककेंद्री चिकित्सक अध्ययन : वऱ्हाड प्रदेशाच्या विशेष संदर्भात.' मी कच्च्या कागदावर लिहून नेलं होतं ते एवढंच होतं : 'संग्रहालयातली पाटी वाचून माणसाला काय कळतं?' सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तो कागद चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाले, "याला पीएच.डी. कोण देईल?" मग लाल पेन काढून त्यांनी एकेक शब्द वाढवायला सुरुवात केली. 'विशेष संदर्भात' आल्याशिवाय आमच्याकडे कुठलंच शीर्षक पूर्ण होत नाही, तेव्हा ते शेवटी आलंच. संदर्भ विशेष का, हे मला पाच वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

सर अमरावतीला राजापेठेत पहिल्या मजल्यावर राहतात. खालच्या मजल्यावर बारावीच्या मुलांचा फिजिक्सचा क्लास चालतो. रस्त्यावर टू-व्हीलर एकात एक अडकलेल्या, माईकवरून मास्तर ओरडून शिकवतायत आणि त्यांचा आवाज जिन्यातून थेट वर येतो. वर बसून सर मला विज्ञान लोकप्रिय कसं करावं ते समजावत. सरांचं त्या विषयावर एक पुस्तकही आहे. विज्ञान सोप्या भाषेत कसं लिहावं, हे सांगणारं ते पुस्तक मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या प्रकरणात मला झोप लागली. मास्तर मात्र खालून मला फुकटात समजत होते. लिफ्ट वर जाताना माणसाला जड का वाटतं, हे मी सरांच्या सोफ्यावर बसून, सर दुसरंच काही बोलत असताना, शिकले.

माझ्या आईनं या सगळ्याचं फार लवकर आणि फार कमी शब्दांत सुलभीकरण करून टाकलं. आमचं घर भातकुलीजवळच्या एका गावात. बाबा वांगी, मेथी आणि सांबार पिकवतात (सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर) आणि आई ती अमरावतीत रस्त्याच्या कडेला बसून विकते. तिच्या ओळीत बसणाऱ्या बाया विचारत, "तुही पोरगी एवढी वर्सं काय शिकून राहिली वं?" आई सांगे, "पाट्यायचं शिकून राहिली." "कायच्या पाट्या?" "अकोल्याले आहेत." एवढ्यावर त्या बायांचं समाधान होई. माझ्या प्रबंधाचा इतका अचूक सारांश पुढे विद्यापीठाच्या तज्ज्ञ समितीलाही जमला नाही.

आई चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते. मेथीच्या जुड्या ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात ते ती आधी वाचते आणि मग टाकते. मी शिकावं हा तिचा हट्ट होता आणि मी कायमची नोकरी लागून खुर्चीवर बसावं हा त्याच्याही वरचा. तेव्हा मी धामणगाव रेल्वेच्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होते. तासांवर शिकवणं म्हणजे शिक्षकांच्या खोलीत खुर्ची मिळते, पण टेकून बसायचा धीर होत नाही. तिथली एक कायम जागा निघणार होती आणि तिला पीएच.डी. लागणार होती. जागा एक आणि आम्ही वाट बघणारे बरेच. ज्याच्या हातात पदवी आधी पडेल त्याची ती जागा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझं सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं, आणि आईचंही.

अकोल्यातलं ते संग्रहालय कुणाचं, हे मी सांगणार नाही. एका संस्थेचं आहे एवढं पुरे. लांबट दालन, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, मध्ये टेबलांवर लोहचुंबक, भिंगं, पवनचक्कीची प्रतिकृती. शेतीच्या बाजूला कापसाच्या जाती, काळ्या मातीचा उभा छेद काचेच्या उंच पेटीत, आणि बरण्यांमध्ये औषधी पाण्यात ठेवलेल्या अळ्या. बघायला येणारी माणसं म्हणजे शाळांच्या सहली, आणि बाजाराला, कोर्टाला किंवा दवाखान्यात आलेली, गाडीला अवकाश आहे म्हणून सावलीला शिरलेली शेतकरी मंडळी. पंख्याखाली उभं राहायला मिळतं म्हणून ती येतात, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. प्रबंधात मी त्यांना 'स्वयंप्रेरित अभ्यागत' म्हटलं आहे.

दालनाचा ताबा एका काकांकडे होता. किल्ल्या त्यांच्याकडे, दिव्यांची बटणं त्यांच्याकडे, आणि कुणी कुठे थुंकायचं नाही हे सांगायचं कामही त्यांच्याकडे. माणसं आत आली की ते दिवे लावत आणि गेली की घालवत. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले, स्वभावानं मऊ. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, इन्स्पेक्शन हाये का?" मी म्हटलं, नाही, माझं संशोधन आहे, मला त्यावर डॉक्टरकी मिळायची आहे. "म्हंजे परीक्षा," ते म्हणाले. मला वाटलं, समजावण्यात कशाला घालवा वेळ. मी म्हटलं, "हो, परीक्षाच समजा." ते वाक्य मला किती महाग पडणार होतं याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

जुन्या पाट्या बघून मला अक्षरशः आनंद झाला. संशोधकाला आजार सापडल्याशिवाय औषध देता येत नाही, आणि इथे आजार भिंतभर लावलेला होता. गुलाबी बोंडअळीच्या बरणीखाली लिहिलं होतं : 'पतंगवर्गीय कीटकाची अपरिपक्व अवस्था, कार्पास पिकाच्या फलांतर्गत भागावर उपजीविका करते.' त्या बरणीपुढे जे शेतकरी उभे राहत त्यांनी ती अळी आपल्या हातानं बोंड फोडून पाहिलेली. तिच्यामुळे त्यांचे अख्खे हंगाम बसलेले. आणि पाटी त्यांना सांगत होती की ही उपजीविका करते. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बरणीकडे बघत राहिले, मग पाटीकडे, आणि बरणीलाच म्हणाले, "इथं बी आली का तू?" मी ते टिपून घेतलं. सरांनी नंतर 'प्रतिसाद अशास्त्रीय' असा शेरा मारून ते खोडलं.

माझी पद्धत सोपी होती. एक छापील फॉर्म. पाटीचा क्रमांक आणि पुढे दोन चौकटी : 'समजलं' आणि 'नाही समजलं'. ज्याला लिहिता येत नसेल त्यानं तोंडानं सांगायचं, मी खूण करायची. आधी महिनाभर जुन्या पाट्या ठेवून फॉर्म भरून घ्यायचे. मग मी लिहिलेल्या सोप्या पाट्या लावायच्या आणि पुन्हा महिनाभर भरून घ्यायचे. जुन्या पाट्या लोकांना समजणार नाहीत, माझ्या समजतील, आणि मी डॉक्टर होईन. यात चुकण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, सरांना वाटलं नाही आणि समितीतल्या कुणालाच वाटलं नाही.

महिनाभर मी गळ्यात ओळखपत्र घालून, हातात पॅड घेऊन दालनाच्या मध्यावर उभी राहिले. लोक पाट्या वाचत, माझ्याकडे बघत आणि 'समजलं' वर खूण करत. सगळे. 'फलांतर्गत भागावर उपजीविका' सगळ्यांना समजलं. मातीच्या पेटीखाली 'आकुंचन-प्रसरणशील मृदेचे स्तररचनात्मक प्रारूप' असं लिहिलं होतं, तेही समजलं. एका आजीबाईंना डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी पाटीकडे न बघताच सांगितलं, "समजलं हो बाई, मस्त समजलं." जुन्या पाट्याच समजत असतील तर मग मी कशाला?

सरांना मी ते फॉर्म नेऊन दाखवले. सरांनी पंखा वाढवला, डोळे मिटले आणि सांगितलं की यावरून वऱ्हाडी माणूस मुळातच विज्ञानाभिमुख आहे, असा एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. खालून मास्तर माईकवर ओरडत होते, "डोकं लावा रे जरा, डोकं!" मी वहीत निष्कर्ष लिहून घेतला.

मग नव्या पाट्यांचं काम. त्या लिहिताना मात्र मी जीव ओतला, हे आज थट्टा करतानाही कबूल करते. अळीसाठी मी लिहिलं : 'ही गुलाबी बोंडअळी. फुलातून बोंडात शिरते. आत बसून सरकी खाते. बाहेरून बोंड चांगलंच दिसतं, फोडल्यावर कळतं.' मातीसाठी : 'ही आपली काळी माती. पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात सुकली की भेगाळते आणि वरची माती भेगांमधून खाली जाते. म्हणजे ती स्वतःच स्वतःला नांगरते.' हे शेवटचं वाक्य आईचं. मी तिला मातीबद्दल विचारलं तेव्हा ती वांगी निवडता निवडता म्हणाली होती, "ते तर आपली आपण वखरून घेते ना वं." मी वखराचा नांगर केला, कारण समितीत वखर चालला नसता. समितीत 'सरकी'सुद्धा चालत नव्हती. एक सदस्य म्हणाले, 'कापूस-बीज' लिहा, विज्ञानाला थोडा भारदस्तपणा पाहिजे. दुसरे म्हणाले, 'भेगाळते' हे जरा गावठी वाटतं. संध्याकाळी हेच सदस्य सरकीच्या ढेपीचा भाव काय झाला यावर तावातावानं बोलत होते. मी पाय रोवून उभी राहिले आणि सरकी वाचवली.

नव्या पाट्या लागल्या. लोक आले, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि 'समजलं' वर खूण केली. सगळे. या वेळी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जुन्यांनाही हेच उत्तर आलं होतं, हे मी सोयीनं विसरले. माणूस स्वतःचं लिखाण वाचणाऱ्याचं तोंड बघत असताना फार विसरभोळा होतो.

अशात एका मंगळवारी आई आली. अकोल्याला नात्यातलं साखरपुड्याचं होतं, ते आटोपून तिच्या ओळीतल्या तीन बाया आणि ती अशा चौघी "पोरीचं हापिस" बघायला थेट दालनात. काकांनी दिवे लावले, पंखे लावले, दारात त्यांच्याशी काही बोलले आणि मानानं आत आणलं. मी चौघींना फॉर्म दिले. मला वाटलं, माझ्या सगळ्या संशोधनातली हीच खरी परीक्षा. जिचं वाक्य मी पाटीवर लावलं ती आता ते वाचणार. आई पदर खोचून कपाटापासून कपाटाकडे गेली, बोट काचेवर धरून अक्षरं लावत होती आणि प्रत्येक ठिकाणी 'समजलं' वर नीट, चौकटीबाहेर न जाता खूण करत होती. अळीच्या बरणीपुढे ती थांबली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग खूण केली, 'समजलं'.

मी कौतुकानं जवळ गेले आणि पाटीकडे नजर गेली. बरणीत अळी होती. बरणीखाली पाटी होती : 'ही आपली काळी माती. पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात सुकली की भेगाळते.' मी धावत मातीच्या पेटीकडे गेले. तिथे माती सरकी खात होती.

"आई," मी म्हटलं, "बरणीत काय आहे?"

"अळी."

"आणि पाटीवर काय लिहिलंय?"

"मातीचं."

"मग 'समजलं' कावून लिहिलं?" मी घरी बोलतात तशी बोलायला लागले होते.

आईनं माझ्याकडे असं बघितलं की वेडी मीच. "तुही परीक्षा हाये ना वं? मी 'नाही समजलं' लिवलं तर तुले मार्क कमी भेटतीन. एवढं समजत नाही काय मले?"

बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. त्यांच्याही फॉर्मवर तेच होतं. एकीला तर वाचताच येत नव्हतं, तिनं आईचं बघून खुणा केल्या होत्या.

काका दारात उभे होते. मी त्यांना विचारलं, पाट्या कुणी बदलल्या. ते म्हणाले, साहेब येणार होते म्हणून मागच्या आठवड्यात काचा धुतल्या, तेव्हा पाट्या काढल्या, मग लावल्या. "इकडची तिकडं झाली असन." आठवडाभर अळी फुगत होती आणि भेगाळत होती आणि माझे सगळे फॉर्म म्हणत होते, समजलं. "कुणी एक शब्द बोललं नाही?" मी विचारलं. काका जरा ओशाळले. "बोलले ना बाई, गंज लोकं बोलले, एक दोन नाही. मले म्हणे, पाटी चुकली. मी म्हटलं, चुपचाप बरोबर करा. मी सर्व्यायले दरवाज्यातच सांगतो ना पहिल्या दिवसापासून. म्हटलं, गरिबाची पोरगी हाये, भातकुलीहून येते, परीक्षा देऊन राहिली, तिले नापास नका करू. लोकं चांगले हायेत. कोनीच नाही केलं."

मला रडूही आलं आणि हसूही. कोर्टाची तारीख हुकलेली, दवाखान्यात नंबर न लागलेली, उन्हात दमलेली माणसं पंख्याखाली उभी राहून, एका अनोळखी पोरीला पास करून जात होती. जुनी पाटी असो, नवी असो, उलटी असो. विज्ञानाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. परीक्षेचं पडलेलं होतं. आमच्याकडे परीक्षा देणाऱ्या पोरीला कुणी नाही म्हणत नाही.

मी तिथूनच सरांना फोन केला आणि पाट्या बदलून लावू का विचारलं. सर ओरडलेच. "मध्येच हात लावू नका! नमुना गोळा होतोय, महिना पुरा होऊ द्या. परिस्थिती एकसारखी राहिली पाहिजे." म्हणजे पाटी चुकीची असली तरी चालेल, पण चूक एकसारखी राहिली पाहिजे. मी हात लावला नाही. महिना संपला तेव्हा काकांची निवृत्ती झाली, दालनाला रंग द्यायचा म्हणून कुलूप लागलं आणि मी फॉर्मचा गठ्ठा उचलून अमरावतीला आले.

राजापेठेतल्या सोफ्यावर बसून मी सरांना सगळं सांगितलं. मला ते लिहायचं होतं. पाच वर्षांत मला हाती लागलेली खरी गोष्ट तेवढीच होती : आमच्याकडे माणसं शब्दांना उत्तर देत नाहीत, विचारणाऱ्याला देतात. विचारणारं तोंड बघून उत्तर ठरतं. पाटीची भाषा सोपी करून उपयोग नाही, आधी पाटीपुढून परीक्षा हटवली पाहिजे. मी एक अख्खं प्रकरण लिहून नेलं होतं, त्यात 'इथं बी आली का तू' म्हणणारे म्हातारे होते, काका होते, आई होती. मला वाटत होतं की हे वाचून सर खुर्चीतून उठतील.

सर उठले, ते खिडकी लावायला. मग बसून म्हणाले, "बाई, हे प्रकरण आत गेलं तर प्रबंधाचं काय उरतं?" मी म्हटलं, "हेच उरतं." ते म्हणाले, "हेच उरलं तर सगळे फॉर्म वाया. मग पुन्हा दोन वर्षं. धामणगावची जाहिरात कधी येतेय?" ती त्याच आठवड्यात आली होती, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या आईसारखंच त्यांनाही मला नापास होऊ द्यायचं नव्हतं. फक्त आई एका खुणेत थांबली आणि सरांनी अख्खा प्रबंध पुरा करून घेतला.

मी ते प्रकरण काढलं. कुणी माझा हात धरला नव्हता. मीच काढलं, खाली मास्तर न्यूटनचा तिसरा नियम घोकून घेत असताना, लॅपटॉपवर, एक बटण दाबून. त्याच्या जागी 'संशोधनाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली एक वाक्य टाकलं : 'प्रतिसादकांच्या सौजन्यामुळे काही निष्कर्षांवर मर्यादा संभवतात.' इतकी दुर्बोध मराठी मी त्याआधी कधी लिहिली नव्हती. जुन्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाची मी वर्षानुवर्षं खिल्ली उडवली होती. त्यानंही बहुधा काहीतरी झाकायलाच ती भाषा वापरली असेल, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

खुल्या मौखिक परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. खुली म्हणजे कुणीही येऊन बसावं. बसतात विभागातले दोन प्राध्यापक, रांगेत असलेले आणि तुमचा हेवा करणारे चार विद्यार्थी, आणि नाश्त्याच्या वासानं येणारे बाकीचे. नाश्ता उमेदवारानं करायचा ही आमच्याकडची पद्धत. आईनं पहाटे ताजा सांबार खुडून डबाभर सांबारवड्या केल्या होत्या आणि ती त्या डब्यासकट, ठेवणीतलं लुगडं नेसून, शेवटच्या रांगेत बसली होती. मी पडद्यावर तक्ते दाखवले. उंच उंच खांब, सगळे 'समजलं' चे. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, त्यातला एक संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांचा होता. मर्यादांबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, विचारा. आणि त्याच वेळी, विचारू नका, असंही म्हणत होते.

शेवटी परीक्षकांनी कुणीतरी सांगितल्यावरून मागे बघितलं आणि फार प्रेमानं म्हणाले, "काकू, तुम्ही हिच्या आई ना? मला सांगा, तुमच्या मुलीनं आत्ता जे मांडलं, ते तुम्हाला समजलं का?"

सभागृह वळून बघायला लागलं. आई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं परीक्षकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, बरणीपुढे बघितलं होतं तसंच.

"हो जी," ती म्हणाली. "सगळं समजलं."

टाळ्या पडल्या. परीक्षक हात उंचावून म्हणाले की, मित्रहो, या प्रबंधाला याहून मोठा पुरावा काय हवा. सरांनी रुमालानं डोळे पुसले. सर सोडले तर सभागृहात त्या शब्दाचा अर्थ फक्त आम्हा दोघींना माहीत होता. मला पदवी द्यावी अशी शिफारस तिथेच वाचून दाखवली गेली आणि लोक सांबारवड्यांकडे वळले. मी डबा धरून वाढत राहिले.

आम्ही ऑटोनं बसस्टँडकडे निघालो. रिकामा डबा आईच्या मांडीवर होता.

"झाली ना पास?" तिनं विचारलं.

"झाले."

"मी बोलली ते बराबर होतं ना?"

"बरोबर होतं आई."

ती खूश झाली. राजापेठेच्या चौकात ऑटो अडकला, सगळे भोंगे वाजवत होते. ती बाहेर बघत होती. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् वं, त्या बरणीले आता अळीचीच पाटी लावली ना? लोकं वाचतेत बापा. लहान लहान लेकरं येतेत तिथं."

मी अकोल्याला त्यानंतर गेलेच नव्हते. रंग देऊन दालन उघडलं होतं हे मला माहीत होतं, आणि पाट्या जशा होत्या तशाच परत लावल्या असणार हेही माहीत होतं. पाच वर्षं पाट्यांवर काढून, दोन पाट्यांची अदलाबदल करायला मला एक दिवस मिळाला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "लावली."

आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं आणि म्हणाली, "समजलं."

त्या दिवशी तिनं मला दुसऱ्यांदा पास केलं.